दाजींचा उजवा पाय

माझं दुकान म्हणजे भिंतीत कोरलेलं एक खोकं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. त्या खोक्यात बसून मी जन्मभर लोकांचे बूट शिवले, सोल बदलले, टाचा ठोकल्या, आणि लोकांची माझ्याबद्दल तक्रार एकच: हा माणूस हातापेक्षा तोंड जास्त चालवतो. चालवतो तर चालवतो. ज्याला घाई असेल त्याने नवे बूट घ्यावेत, माझी ना नाही.

दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक मोठं आवार. पत्र्याची शेड, पाण्याचा नळ, पेट्रोलचा वास आणि ओळीने उभ्या मोटरसायकली. डोंगरापलीकडे लहान लहान दवाखाने आहेत, तिथे रक्ताच्या पिशव्या, लसी, औषधं जातात ती ह्या आवारातून. घाटात मोठ्या गाड्या एकदा अडकल्या की अडकल्या, मोटरसायकल तेवढी कडेकडेने निघून जाते. ह्या मोटरसायकली चालवणारी पोरंपोरी तयार करायचं आणि स्वतःही पिशव्या न्यायचं काम ज्यांच्याकडे होतं ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आवारात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, आणि मला, माझ्या भाचीमुळे, मामा. म्हणजे अख्ख्या आवाराचा मी मामा. ह्यावर खूप विनोद होऊन गेलेत, तुम्ही आणखी करू नका.

दाजी दिसायला काही विशेष नव्हते. बुटकेसे, पोट जरा सुटलेलं, पिशवी घेऊन बाजारात निघाले तर कोणी वळून बघणार नाही. पण हा माणूस मोटरसायकलवर बसला की मी हातातली आरी खाली ठेवायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ठेवायचो. आवारात दोन डबे ठेवून त्यांच्याभोवती ते आठाचा आकडा काढायचे. गाडी इतकी कलायची की आता पडले, आता पडले, आणि वर हे आपले घरच्या खुर्चीत बसल्यासारखे.

शिकवायचे मात्र पायापासून. नव्या पोराला वाटायचं, मास्तर आता हँडल कसं वळवायचं ते सांगणार. मास्तर म्हणायचे, "पाय दाखव." पोरगं पाय पुढे करायचं. "हे काय आहे? ही टाच. हा तळवा. आणि हा पुढचा जाड भाग, बोटांच्या मागचा, हा चवडा. सरळ रस्त्यावर पाय कसाही ठेव. वळण दिसलं की पाय मागे घ्यायचा आणि चवडा फूटरेस्टवर टेकवायचा. बोटं आत, गाडीच्या अंगाला. बाहेरच्या गुडघ्याने टाकी धरायची, नजर वळण जिथे संपतं तिथे, आणि मग गाडीबरोबर आपणही कलायचं. तिला एकटीला कलू द्यायचं नाही."

हे असं का, तेही सांगायचे. फूटरेस्टवर तळव्याचा मधला भाग ठेवला तर बोटं बाहेर, खाली लोंबतात. गाडी कलली की रस्त्याला आधी लागतात ती बोटं. आणि त्या वेगात रस्त्याने बूट पकडला की पाय मागे फेकला जातो. मग ब्रेक दाबायला जावं तर पाय जागेवर नाही. "पाय गोळा कर! पाय गोळा कर!" ही आरोळी मला दुकानात दिवसभर ऐकू यायची. ताई म्हणायची, झोपेतसुद्धा ओरडतात, मी गोळा करून झोपते.

हसायची गोष्ट नव्हती ती. तरुणपणी दाजी आणि त्यांचा एक मित्र, त्याला सगळे लंब्या म्हणायचे, दोघं बरोबर घाटातून माल न्यायचे. एका वळणावर बारीक खडी पसरली होती. लंब्याची गाडी घसरली, आणि सायकलवर आपण टेकवतो तसा त्याने आतला पाय खाली टेकवला. एवढंच. पाय गाडीखाली गेला, मागोमाग तोही गेला. दाजी त्याच्या मागे होते, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो बोलत होता, पोचल्यावर बोलायचा थांबला. त्यानंतर दाजी कित्येक दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, आणि बोलायला लागले ते शिकवायलाच लागले. "गाडीने नाही मारलं त्याला," म्हणायचे, "पायाने मारलं."

आवाराचा एक रिवाज होता, तोही त्यांनीच पाडलेला. शिकून तयार झालेल्या पोराने घाट चढून उतरायचा आणि मास्तरांनी त्याच्या मागे बसायचं, डोळे मिटून. हो, डोळे मिटून! मागे बसलेल्याला गाडी अंगाने कळते म्हणे, डोळ्यांनी बघितलं की उलट फसगत होते. भीती वाटून एकदाही डोळे उघडले नाहीत तर पोरगं पास. उघडले तर नापास, मग तो आवाराच्या साहेबांचा पुतण्या असो नाहीतर कोणी. खाली आवारात आल्यावर पोरगं सगळ्यांसमोर विचारणार, "उघडले?" आणि मागच्याने खरं सांगायचं. एका शब्दात. कारणं द्यायची ती नंतर, चहा पिताना. आणि हे एकदाच नाही, दरवर्षी, जुन्या रायडरांनासुद्धा. मास्तरांनासुद्धा. त्यांच्यामागे आवारातला सगळ्यात तयार रायडर बसायचा, आणि अलीकडे ती होती बारकी.

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. नाव बारकी, उंची दाराएवढी. लहानपणी पडलेलं नाव, आता काय करता? बापाने तिला आधी दोनदा नापास केलं होतं, आणि तिसऱ्यांदा पास केलं तेव्हा मला येऊन सांगितलं, "माझ्यापेक्षा चांगली चालवते रे. तिला सांगू नकोस." मी त्याच दिवशी सांगितलं. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत.

तर अशा माणसाला साखरेचा आजार लागला. ताईने घरातली साखर कडीकुलपात टाकली, आणि दाजी चहा प्यायला माझ्या दुकानात यायला लागले. मी त्यांना बिनसाखरेचा पाजायचो. ते एक घोट घ्यायचे, माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच त्यांना तो आजार दिला, आणि कप तसाच ठेवून जायचे. डॉक्टरांनी तोंडाबरोबर पाय जपायलाही सांगितलं होतं. रोज तपासा म्हणाले, पायाची जाणीव हळूहळू जाते. दाजींनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

एक दिवस दुपारी ते आले आणि म्हणाले, "उजव्या बुटाचा सोल सुटल्यासारखा वाटतोय, चालताना आवाज येतो." मी म्हटलं, काढा. त्यांनी बूट काढला. मोजा तळव्याला लाल. बुटात हात घातला तर आतून खिळ्याचं टोक वर आलेलं. सकाळपासून हा माणूस त्या खिळ्यावर उभा होता, चालत होता, त्याच पायाने ब्रेक दाबत होता.

"दाजी, दुखत नाही?"

"काय दुखत नाही?" ते म्हणाले आणि खाली बघितलं. बघितल्यावर त्यांचा चेहरा जो उतरला, तो मला अजून दिसतो. दुखण्याने नाही उतरला. दुखत नव्हतं म्हणून उतरला.

मी पाय धुतला, फडकं बांधलं, तोंडाने बडबड चालूच होती माझी. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या ताईला बोलू नकोस." मी तेव्हा मूग गिळून बसलो, कारण जखम छोटी होती आणि माणूस आधीच अर्धमेला झाला होता.

पण पुढे काही महिन्यांनी त्यांनी तेच बूट सोल बदलायला दिले. मी उजवा बूट उलटा केला आणि तसाच धरून बसलो. सोलची पुढची बाहेरची कड तिरकी घासली गेली होती. शिलाईचे टाके तुटलेले, चामड्याचा भुगा झालेला. ही घासण मी ओळखतो. आवारातल्या नवशिक्या पोरांच्या बुटांना ती असते, पहिले काही आठवडे, पाय गोळा करायची सवय लागेपर्यंत. दाजींच्या बुटाला ती मी कधी बघितली नव्हती. त्यांचा सोल झिजायचा तो चवड्याखाली, आडवा, एका ठरलेल्या पट्ट्यात. आता तो पट्टा मागे सरकला होता, पार तळव्याच्या मधोमध. पाय कुठे टेकलाय हे त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी बूट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, घासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पुढे एक लोखंडी पट्टी मारून दे. म्हणजे झिजणार नाही."

माझं डोकं फिरलं. "बूट झिजू नये म्हणून पट्टी मारू? आणि पाय? रस्त्याने पाय ओढून नेला तर त्याला काय मारू? जिंदगीभर पोरांवर ओरडलात ना, आता स्वतःवर ओरडा की!"

"हळू बोल. रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे! सगळ्यांना जाऊ दे!"

"मी बघून ठेवतो पाय," ते म्हणाले, अगदी पोरासारखं समजावत. "प्रत्येक वळणाआधी खाली बघतो, पाय चवड्यावर आहे ना तेवढं बघतो, आणि मग जातो. आता नाही चुकणार."

मला वाटलं, बरं आहे, काहीतरी उपाय काढलाय. मला त्यातलं काय कळतंय! पट्टी मात्र मारली नाही. नवा सोल लावून दिला, आणि त्याच पावली दुकान बंद करून ताईकडे गेलो. ते आवारात परत गेले होते, म्हणजे घरी ती एकटीच होती.

ताई स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होती. मी खिळ्यापासून सगळं सांगितलं. ती पुसतच राहिली. मला वाटलं, आता रडेल, आता माझ्यावर ओरडेल. शेवटचं भांडं लावून झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते रोज घरी आले की मी कोमट पाण्याने पाय धुऊन देते. त्यांना वाटतं, लाड करते. मी जखमा शोधते. एक दिवस मुद्दाम बोटाला चिमटा काढला, चांगला जोरात. ते पेपर वाचत राहिले."

मी म्हटलं, "मग गप्प काय बसलीस? सांग त्यांना, बस झालं! साहेबांना सांग. आवारात बसून काय करायचं ते करू दे, औषधांच्या खोलीवर लक्ष ठेवू दे."

"मी सांगितलं तर ते ऐकतील रे," ताई म्हणाली. "आजवर माझा शब्द मोडलेला नाही त्यांनी. गाडी सोडतील आणि त्या खुर्चीत येऊन बसतील. पण माझ्यासाठी सोडली, असं मनात धरून बसतील. मला ते सोसायचं नाही. आणि मी न सांगता राहिले आणि काही झालं, तर तेही सोसायचं नाही. तू सांग ना, मी काय करू?"

मी फळीवरचं एक भांडं उगाच सरळ केलं.  मी तसाच उठून आलो.

त्यानंतर बारकी आली. ती डोळे मिटायची वार्षिक फेरी जवळ आली होती, आणि बापामागे तिलाच बसायचं होतं. हेल्मेट मांडीवर घेऊन ती दुकानातल्या स्टुलावर बसली, गुडघे हनुवटीला लागतील अशी.

"मामा, बाबा वळणावर खाली बघतात."

"हो, पाय बघतात. मला म्हणाले ते. चांगलं आहे की."

"चांगलं?" ती माझ्यावर खेकसलीच. राग आमच्या घराण्यात आहे. "मी रोज त्यांच्या मागून गाडी आणते. प्रत्येक वळणाआधी हेल्मेट खाली झुकतं. मामा, वळणावर माणूस जिथे बघतो तिथे गाडी जाते. त्यांनीच शिकवलंय हे. जेवढा वेळ ते पाय बघतात तेवढा वेळ गाडी सरळ जाते, वळत नाही. परवा एका दुधाच्या गाडीच्या चाकाला घासून वाचले. आल्यावर मला म्हणाले, दूधवाला चुकीच्या बाजूने आला. दूधवाला बरोबर बाजूने होता. बाबा त्याच्या बाजूला गेले होते."

मी कपाळावर हात मारला. उपाय म्हणून जे काढलं होतं तेच घात करणारं होतं, आणि मी त्याला बरं म्हणून बसलो होतो.

"तू बोललीस त्यांच्याशी?"

"बोलले.  बाबा म्हणाले, फेरीला खाली बघणार नाही, तू मागे बस, तुझं तूच ठरव." ती हेल्मेटची काच फडक्याने पुसत होती, स्वच्छ असलेली काच. "मामा, मी काय ठरवू? त्यांनी पुढच्या आठवड्यापासून डोंगरापलीकडे पिशव्या न्यायच्या का नाही, हे मी ठरवू? मी?"

मला काय विचारतेस, असं मी ओरडणार होतो. ओरडलो नाही. मी म्हटलं, "तू मागे बस. बाकी तिथे बघ." सल्ला म्हणून काही फार थोर नव्हता, पण माझ्याकडे तेवढाच होता.

फेरीच्या दिवशी मी सकाळीच दुकानाला कुलूप लावलं आणि आवारात जाऊन उभा राहिलो. ऊन चांगलं होतं, रस्ता कोरडा. रायडर सगळे जमले होते, नेहमीसारखी एकमेकांची टिंगल करत. दाजींनी जॅकेटच्या सगळ्या चेनी लावल्या, बुटाच्या नाड्या स्वतः वाकून बांधल्या, आणि गाडीवर बसून उजवा पाय फूटरेस्टवर ठेवताना एकदाच खाली बघितलं. चवडा नीट टेकवला. मग मान वर केली आणि पुन्हा खाली घातली नाही. बारकी मागे बसली. डोळे मिटले. गेले.

आवारातून घाटाचा खालचा भाग दिसतो, वरचा झाडीत जातो. गाडी झाडीत शिरली तशी पोरं चहाला वळली. मी नाही वळलो.  किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी रस्त्याचं ते एक टोक बघत होतो, जिथून ते परत दिसणार होते, आणि आयुष्यात कधी केली नाही इतकी प्रार्थना केली.

मग गाडी दिसली. एक वळण, दुसरं वळण, शेवटचं. काय सुरेख येत होती! दोघं एकदम कलत होते, एकदम सरळ होत होते, एकाच अंगाचे असल्यासारखे. माझा जीव भांड्यात पडला. शेजारी एक रायडर म्हणाला, "मास्तर ते मास्तरच!" आणि सगळ्यांनी मान डोलावली.

दाजी आवारात आले, गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. घामाने केस चिकटले होते, पण चेहरा असा खुलला होता की कित्येक महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. मला बघून त्यांनी डोळा मारला. खरंच मारला! मग मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय बारके? उघडले?"

बारकी गाडीवरून उतरून उभी होती. हेल्मेट काढलं नव्हतं तिने. काच वर केली, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "उघडले."

कोणीतरी हसलं, थट्टा आहे असं समजून. 

"कुठे?" दाजी म्हणाले. ते अजून हसतच होते.

"पाण्याच्या टाकीपाशी. उतरताना. उजव्या वळणावर."

"टाकीपाशी?" दाजींनी सगळ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अगं, काहीतरीच काय! आजचं सगळ्यात चांगलं वळण होतं ते. मला तर वाटलं, कितीतरी दिवसांनी असं जमलं."

बारकीने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा रडून सुजला होता, हेल्मेटच्या आत, उतरताना सगळा वेळ रडली असणार. "बाबा, तुमचा पाय रस्त्याला लागला. मागे फेकला गेला. माझ्या पायावर येऊन आदळला, तेव्हा मी डोळे उघडले. तो खाली लोंबत होता. पुढे उताराचं वळण होतं आणि तुम्ही ब्रेक दाबायला गेला असतात. म्हणून मी माझ्या बुटाने तुमची टाच उचलली आणि पाय पुढे ढकलून परत फूटरेस्टवर ठेवला. तुम्हाला कळलं नाही."

 दाजींनी पायाकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. बुटाच्या पुढच्या कडेला ताजं पांढरं खरचटलं होतं, पण तसं ते आधीचंही असू शकत होतं. घाटातल्या बुटांना खरचटतंच.

"बरं," दाजी म्हणाले. रिवाज त्यांचाच होता, त्यावर दुसरं काही बोलायचं नसतं. त्यांनी किल्ली काढली, बारकीच्या हातात दिली आणि म्हणाले, "राहिलेल्यांच्या मागे तू बस. उन्हं वाढायच्या आत उरक." मग मला म्हणाले, "चल रे. घरी सोड मला."

सोडणार कशाने? मला कुठे गाडी येते! आम्ही पायीच निघालो. ते खाली बघत, एकेक पाऊल नीट बघून टाकत चालत होते. मी बाजूने.  वाटेत त्यांनीच विचारलं.

"तिने खरंच पाय उचलून ठेवला असेल का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला थांबवायला म्हणाली असेल. सगळ्यांसमोर. मला कळत नाही हे तिला माहीत आहे. ती म्हणेल ते मला मानावंच लागणार."

"दाजी, ती तुमची मुलगी आहे!"

"म्हणूनच विचारतोय."

मला राग यायला हवा होता, नाही आला. ह्या माणसाने ज्या पायाच्या भरवशावर सगळ्या आवाराला शिकवलं, त्या पायाचं खरंखोटं आता त्याला दुसऱ्याला विचारावं लागत होतं. मी म्हटलं, "थांबवायचंच असतं तर नुसतं 'उघडले' म्हणाली असती. एका शब्दात काम होतं. एवढं सगळं तुम्हाला कशाला सांगितलं असतं?"

ते चालायचे थांबले. रस्त्याकडेला कोणाच्या तरी घराची बुटकी भिंत होती, तिच्यावर बसले. उजव्या मांडीवर हात ठेवला, गुडघ्याच्या वर, जिथे अजून सगळं कळत होतं.

"मांडी हलली होती," ते म्हणाले. "टाकीच्या वळणानंतर. पाय वर आल्यासारखा वाटला. मला वाटलं, मीच गोळा केला."

आणि मग दाजी रडले. भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तोंडावर हात न घेता. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांचं झाल्यावर आम्ही उठलो आणि घरी गेलो.